डाग

ती आली तेव्हा मी काचा निवडत होते,
समुद्रानं चाळीस वर्षं चघळून थुंकलेल्या:
बिअरच्या हिरव्या, एखादी औषधाची निळी.
दाराला घंटा आहे. ती वाजवली नाही तिनं.

ओब्दुलिया, डोंगरापलीकडची, चीज विकणारी.
मुशियाच्या बाजारात तिच्याशी घासाघीस करायची
कुणाची टाप नाही.
खिशातून तिनं वर्तमानपत्राची पुडी काढली.
आत चेस्टनटचं बोंड, मिटलेलं,
साळिंदराच्या पिल्लासारखं काट्यांचं.

ऑगस्टच्या वणव्यात तिचा अख्खा उतार गेला.
निलगिरी गेली त्याचं काही नाही, म्हणाली,
ती मेली तेलानंच भरलेली.
पण चेस्टनट तिच्या पणजोबांच्याही आधीचा.
एकच फांदी उरली. तिच्यावर हे एवढंच धरलं.
"याचा डाग करून दे. चांदीचा.
आत हेच राहू दे."

आत काही राहत नाही, मी म्हटलं.
खुर्चीवरचे तारांचे तुकडे झटकून तिला बसवलं
आणि सगळ्यांना सांगते ते सांगितलं:
बोंडाला मेणाचा देठ लावायचा,
डब्यात उभं करून भोवती प्लास्टर ओतायचं,
मग रात्रभर भट्टी.
वस्तू जाते, तिची जागा उरते.
त्या जागेत चांदी शिरते.

"म्हणजे जाळणार."
जाळणार.
"आगीतून एवढं एक वाचलं, ते तू जाळणार."

मी टाकणखाराच्या डबीचं झाकण
लावत राहिले, उघडत राहिले.
पुडी पुन्हा खिशात गेली.

लोक माझे दागिने उजेडाकडे धरतात,
म्हणतात, नेच्याची शेर नि शेर उमटलीय,
चतुराच्या पंखाची जाळीसुद्धा!
उमटणारच.
खोटं करायला मला येत नाही.
खऱ्याला भट्टीत घालायला येतं.
एकदा गांधीलमाशांचं पोळं घातलं होतं,
आत एक उशिरा उठलेली होती,
हे मी गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही.

अकरा दिवसांनी ती परत आली.
बोंड आता उकललेलं, रिकामं.
आतली तीन फळं कुठं गेली, मी विचारलं नाही.
तिच्या नखांत माती होती.
"घडणावळ किती?" एवढंच.
आणि रात्री इथंच थांबेन म्हणाली.

थांबली. स्टुलावर, पाय लोंबकळत,
सोबत आणलेला पाव एकटीच खात.
दोनच्या सुमारास भट्टीच्या फटीतून वास आला.
तिनं नाक वर केलं.
"हाच," म्हणाली. "तेव्हा डोंगरभर होता."
मग बराच वेळ खिडकी उघडू दिली नाही.

सकाळी मूस लाल झाली, चांदी पाण्यासारखी हलली,
मी ओतली.
डबा बादलीत बुडवला, प्लास्टर खदखदून फुटलं
आणि गाळातून सांडशीनं वर काढलं ते
बोंड होतं. पण तीन बाजूंनीच.
चौथीकडे चांदी पोचलीच नव्हती.

परत ओतू म्हणायची सवय आहे मला.
तोंड उघडलं आणि मिटलं.
परत कशावरून?

ओब्दुलियानं खिंडारात करंगळी घालून पाहिली.
मग उठली, काचांच्या ताटात हात फिरवला,
एक हिरवी उचलली.
"ही बसव. माझ्याच नवऱ्याची बाटली असेल.
धक्क्यावरून भिरकावायचा, दिसेल त्याच्यावर चिडून."

भेगेला डाग दिला, कड ओढून घेतली,
काच शेवटी बसवली, दाबून, थंड हातानं.
कानस घेतली तर तिनं मनगट धरलं:
काटे राहू देत.

शनिवारी काळ्या स्वेटरवर दिसतो तो डाग,
तराजूवर वाकली की हिरवा चमकतो.
गालाला गाल लावायला जातात त्यांना टोचतो.
काल माझा दीर ब्रेइशो बोट चोखत आला,
"टोकं घासायची राहिली तुझी," म्हणाला.

मी खाली वाकून
फरशीवर पडलेलं काहीतरी शोधत राहिले.